कमवायचं खातं, ठेवायचं खातं

दादा,

तुझ्या दिवसांची गंधमुक्ती झाली. पाहुणे ताप्ती लाईनच्या गाडीने अमळनेरकडे परत गेले, मंडपवाला खुर्च्या घेऊन गेला, वहिनी जरा आडवी झाली, आणि तुझी लेक माझ्यासमोर येऊन बसली. तेजल मला आत्या म्हणत नाही. आपल्या अहिराणीतली फुई आणि तिच्या मैत्रिणींची गुजराती फोई, यांतलं तिने लहानपणीच फोई निवडलं. बसली, मोबाइल उलटा ठेवला आणि म्हणाली, "फोई, कंपनी शेअर देते आहे. नव्या लोकांना पण. डिस्काउंट छे. या आठवड्यात हो के ना सांगायचं आहे. पप्पांना विचारलेलं, तर ते म्हणाले, फोईला विचार. तर सांग ना, घेऊ के नको?"

मी तिच्याकडे बघतच राहिले. तुला दुसरं कोणी मिळालं नाही का रे? याच एका गोष्टीवरून आपण दोघं जन्मभर भांडलो. आता जिथे तेजल लागली आहे त्याच हजीऱ्याच्या प्लांटमध्ये तू अख्खी नोकरी काढलीस. कंपनीचा शेअर तुझ्या डोळ्यांदेखत वर गेला, तुझ्या बरोबरीच्या माणसांनी त्यावर घरं घेतली, आणि तू एक शेअर घेतला नाहीस. मी बँकेत बसून दर दिवाळीला सांगायचे, घे. तू दर दिवाळीला फराळ खाता खाता "नाही" म्हणायचास. आता लेकीने विचारलं तर तिला माझ्याकडे पाठवलंस आणि स्वतः निघून गेलास. भांडण असं अर्धवट टाकून जातात का?

तिला म्हटलं, मला जरा विचार करू दे. तेव्हापासून मी विचार करत नाहीये, तुझ्याशी बोलतेय. रडून झालं आहे, ते वेगळं. तुझ्याबद्दल लोक जे बोलायला आले ते ऐकून माझी मान इतकी ताठ झाली आहे की ती खाली घालून रडणं जमत नाही.

हे सगळं सुरू कुठून झालं ते तुला आणि मलाच माहीत आहे. एका शब्दावरून. आपल्या सुरतेत यंत्रमागाच्या कारखान्याला खातं म्हणतात. आप्पा खात्यात जायचे, खात्यातून यायचे, खात्यात दिवसपाळी असली की माय लवकर उठायची. बँकेत असतं ते खातं आपल्याला ठाऊकच नव्हतं. मग एकदा आप्पा आपल्या दोघांना घेऊन उधन्याच्या बँकेत गेले. काउंटरवरच्या माणसाने विचारलं, "काका, आपका खाता कहाँ है?" आणि आप्पांनी सांगितलं, "पांडेसरा में, मिल के पीछे, दूसरा माला."

सगळी बँक हसली. आप्पाही हसले, कारण चार माणसं हसली की हसायचं, असा त्यांचा स्वभाव. तू मात्र लाल झालास. बाहेर आल्यावर म्हणालास, "त्याने विचारलं, आप्पांनी सांगितलं. हसण्यासारखं काय होतं?" मी मागे वळून काउंटरकडे बघत होते. काउंटरच्या त्या बाजूला एक दिवस आपण बसायचं, एवढं मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं होतं. एकाच बाकावर बसून आपण दोन वेगळी माणसं झालो, दादा. मी बँकेतल्या खात्याकडे गेले आणि तू त्या दोन खात्यांच्या मधली जागा धरून बसलास.

कारण पुढचं तू माझ्यापेक्षा जवळून बघितलंस. आप्पांनी साठवलेले सगळे पैसे घालून ज्या खात्यात कामाला जायचे त्याच खात्यात दोन जुने लूम विकत घेतले. शेठच्या छपराखाली, शेठच्या विजेवर, पण लूम आप्पांचे. त्या दिवशी आप्पांनी लुमांना हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला आणि घरी येऊन, आता आपल्याला कामावरून कोणी काढू शकत नाही अशा थाटात, मायला सांगितलं, "दोन लूम आपला शेतस. आते माले कोन काढी?" माय त्या दिवशी शिरा करायला बसली. डिंडोलीच्या आपल्या गल्लीत लोक आप्पांना चेष्टेने शेठ म्हणायला लागले आणि आप्पा ते खुशीत ऐकून घ्यायचे.

मग वेगाने चालणारी नवी मशीन आली. शेठने खातं रिकामं करायचं ठरवलं. जुने लूम भंगारवाला वजनावर घेऊन गेला, त्यांत आपलेही गेले. आप्पांची नोकरी आणि आप्पांची पुंजी एकाच टेम्पोत चढली. तू आप्पांबरोबर गेला होतास. तुला तिथे जमिनीवर पडलेला लुमाचा एक धोटा सापडला, तो खिशात घालून आणलास, आणि अजून तुझ्या टीव्हीच्या कपाटावर आहे. आल्यावर तू जेवला नाहीस. आप्पा जेवले. दुसऱ्या दिवशी उठून दुसऱ्या कुणाच्या खात्यात कामगार म्हणून उभे राहिले, आणि आपल्या दोघांच्या शाळेची फी कधी चुकली नाही. त्यांच्याबद्दल मला अभिमान वाटतो तो लूम घेतल्याचा नाही, त्या दुसऱ्या सकाळचा वाटतो.

त्याच दिवसांत कधीतरी तुझं ते वाक्य तयार झालं असणार. कमवायचं खातं आणि ठेवायचं खातं एक नको. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, माझ्या बँकेच्या परीक्षेचा अभ्यास बघून काहीतरी जुळवलंय. नंतर लक्षात आलं की तू त्यावरच चालणार आहेस.

तुझा तो खेळ आठवतो? लग्नाच्या पंगतीत बसलो की शेजारच्या माणसाला तू गप्पांत विचारायचास, पैसे कशात टाकता भाऊ? त्याने सांगितलं की माझ्या कानात त्याचा धंदा सांगायचास. रोकड्याचे हिरे घेऊन पुड्यांत ठेवतो म्हणाला की कतारगामचा, हिरे घासायच्या घंटीवर बसणारा. दोस्ताच्या लुमात भागीदारी केली म्हणाला की पांडेसऱ्याच्या खात्यातला मास्तर. गावाकडे प्लॉट आणि बाकी सगळी एफडी म्हणाला की शिक्षक. आणि कशातच नाही, सगळं बायको बघते, असं म्हणाला की पोलीस. तू क्वचित चुकायचास. एकदा एका माणसाने सांगितलं, मी निम्मं सोन्यात ठेवतो आणि निम्मं पोस्टात, तर तू गडबडलास, आणि तो निघाला केटरर. "याला कळलं आहे," म्हणून तू त्याच्याशी उठेपर्यंत बोलत बसलास. माझी पुरी गार झाली.

मी म्हणायचे, यात चूक काय आहे? माणूस ज्यात दिवसभर असतो तेच त्याला कळतं. हिऱ्याचं काम करणाऱ्याला हिराच कळणार. त्याने कशात पैसे टाकायचे, सिमेंटमध्ये? तू म्हणायचास, "त्याला हिरा कळतो गं. अमेरिकेत कोण अंगठी घेणार, ते त्याला कुठं कळतं?" आणि मंदी आली, घंट्या बंद पडल्या, तेव्हा तुझ्या ओळखीच्या एका घरात पगार थांबला आणि ठेवलेल्या पुड्यांना गिऱ्हाइकही मिळेना. तू त्यांच्याकडे जाऊन बसायचास. मी सांगितलं होतं, असं एकदाही म्हणाला नाहीस. आल्यावर मलाही म्हणाला नाहीस. तुझी हीच गोष्ट मला जास्त चिडवायची. जिंकल्यावर माणसाने थोडं तरी मिरवावं.

पण तुझ्या प्लांटचं काय? तिथे माझं म्हणणं पक्कं होतं आणि अजूनही आहे, हे तू नीट ऐकून घे. तो काय पांडेसऱ्यातला दुसरा माळा नव्हता. एवढी मोठी कंपनी, जगभर माल जातो, दर वर्षी कर्मचाऱ्यांना कमी भावात शेअर. परेशभाईंनी घेतले. तुझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणारा माणूस, तुझ्यासारखाच कंट्रोल रूममधला पॅनल ऑपरेटर, तोच पगार, तोच डबा. त्यांनी सुरतेच्या पाल भागात मोठा फ्लॅट घेतला आणि तू डिंडोलीच्या रो हाऊसमध्ये राहिलास, जिथे पाण्याचा टँकर आला की वहिनी अजून बादल्या घेऊन धावते. वहिनीने तुला कधी ऐकवलं नाही. म्हणून तिच्या वतीने मी ऐकवायचे.

तू काय करायचास? सगळ्या मोठ्या कंपन्यांचं थोडं थोडं घेणारा एक साधा फंड धरला होतास, पोस्टाची एक बचत, आणि वहिनीच्या नावे थोडं सोनं. बस. मी एकदा तुला पकडलं. म्हटलं, तुझ्या त्या फंडात तुझी कंपनीही आहे, मी बघितलं आहे. आता बोल. तू चिवडा चावत म्हणालास, "आहे ना. चिमूटभर. चिमटीएवढ्याने हात थरथरत नाही." तेव्हा मला हे उत्तर म्हणजे नुसती चलाखी वाटली. आणि वर लगेच माझ्यावर घसरलास. माझी बचत माझ्याच बँकेत, माझी एफडी माझ्याच बँकेत, आणि शेअर घेतले तेही माझ्याच बँकेचे. अहिराणीत गेलास की मला कळायचं, आता सुटका नाही. "तुनी बँक तुले पगार देस, अन् तू तुना पैसा परत तिलेच देस. मंग कोन कोनले पोसी ऱ्हायनं?"

तेजल खिदळायची. तेव्हापासून मला खातेबाई म्हणायला लागलास. माझ्या सहकाऱ्यांसमोर सुद्धा. मी शाखेची मॅनेजर झाले तरी.

हात थरथरण्याची ती गोष्ट मला कधी कळली, ते सांगते.

मी पालला राहायला आल्यापासून गच्चीवरून हजीऱ्याची ज्योत दिसते. चिमणीच्या टोकावर लहानशी, रोजची. त्या संध्याकाळी मी वाळलेले कपडे काढत होते आणि ती ज्योत एकदम एवढी मोठी झाली की समोरच्या इमारतीच्या काचा नारिंगी झाल्या. लोक गॅलरीत आले, फोटो काढायला लागले. मला तू सांगून ठेवलं होतंस, ज्योत मोठी झाली म्हणजे प्लांट ट्रिप झाला, एकदम बंद केला, आतला गॅस बाहेर जाळून टाकत आहेत, घाबरायचं नाही, म्हणजे कोणीतरी वेळेत बटण दाबलं. मी तरी घाबरले. तुझी दुसरी पाळी होती. फोन लागत नव्हता, आत मोबाइल नेऊ देत नाहीत हे माहीत असून मी लावत राहिले.

बटण तूच दाबलं होतंस.

तू त्याबद्दल दोन वाक्यांपलीकडे बोलला नाहीस. कॉम्प्रेसरपाशी गॅस गळत असल्याचा अलार्म वाजला. एकच वाजला. एक अलार्म खोटाही असतो, म्हणून बहुतेक जण दुसऱ्याची वाट बघतात. तू बघितली नाहीस. प्लांट बंद झाला आणि पुन्हा चालू व्हायला बरेच दिवस गेले. त्या दिवसांत तुझ्याशी कोणी धड बोललं नाही. कंपनीचे तिमाहीचे आकडे यायचे होते, वरचे साहेब म्हणाले, जरा थांबायला हवं होतं. कँटीनमध्ये माणसं टेबल बदलायची. तू घरी येऊन शांतपणे जेवायचास, तेजलचा अभ्यास घ्यायचास. मी चिडून म्हणत होते, तू काहीतरी बोल ना त्यांना. तू म्हणालास, "चौकशी चालू आहे. मशीन उघडेल. मशीन सांगेल."

मशीन उघडलं. सील खरंच फाटायला आलं होतं. मग कँटीनमधली माणसं परत तुझ्या टेबलावर आली. सेफ्टी वीकमध्ये तुला स्टेजवर बोलावून एक प्रमाणपत्र दिलं आणि स्टीलचा कॅसरोल. एवढ्या सगळ्या माणसांचा जीव वाचला आणि बक्षीस कॅसरोल! मी पोट धरून हसले. तू रागावलास. म्हणालास, चांगला आहे, पोळ्या गरम राहतात. तू गेल्यापासून त्याच कॅसरोलमधून वहिनी सगळ्यांना पोळ्या वाढत होती, आणि मला प्रत्येक वेळी हसू आणि रडू एकदम येत होतं.

त्यानंतर काही दिवसांनी परेशभाई घरी आले होते, मीही होते. चहा झाला. बोलता बोलता ते एकदम तुझ्याकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाले, "बेन, साचुं कहुं? अलार्म वाग्यो ने मारा मनमां पहेलां शेरनो भाव आव्यो. भास्करभाईनो हाथ तो पहोंची पण गयो हतो."

अलार्म वाजला आणि माझ्या मनात आधी शेअरचा भाव आला, भास्करभाईंचा हात तर पोहोचलाही होता. असं कोणी सहज म्हणत नाही. परेशभाई चांगला माणूस आहे, त्यांनीही बटण दाबलंच असतं. क्षणभर उशिरा, पण दाबलं असतं. पण तो क्षण त्यांचा त्यांनाच दिसला होता आणि त्यांना तो आवडला नव्हता. त्या दिवशी तू काय केलंस? तू त्यांचा कप भरलास आणि म्हणालास, "परेशभाई, माझ्याकडे असते तर माझ्याही मनात आधी तेच आलं असतं. म्हणूनच तर घेतले नाहीत."

एवढंच. एवढी वर्षं मी तुला भित्रा समजत होते. आप्पांच्या लुमांचा धसका घेतलास, असं मला वाटायचं. धसका होताच. पण त्या धसक्याच्या आत तू आणखी एक गोष्ट ठेवली होतीस. ज्या हाताने प्लांट बंद करायचा त्या हाताला प्लांट चालू राहावा अशी हाव नको, म्हणून तू आयुष्यभर स्वस्तात मिळणारी चांगली गोष्ट नाकारत आलास. कोणाला सांगितलं नाहीस, भाषण केलं नाहीस. पालचा फ्लॅट सोडलास. बादल्या घेऊन धावणाऱ्या बायकोला वर्षानुवर्षं बघितलंस, आणि ते तुला सोपं गेलं नसणार हे मला माहीत आहे.

मी त्या दिवशी चहाचे कप उचलून आत गेले. कप विसळले. पुढच्या दिवाळीला पुन्हा म्हटलं, शेअर घे. कारण मी तुझी बहीण आहे.

या दिवसांत दारात किती लोक आले सांगू? हजीऱ्याच्या बसमधली अख्खी पाळी आली, सेफ्टी शूजसकट, थेट कामावरून. कतारगामहून ते हिऱ्याचं घर आलं. आता त्यांचा मुलगा फ्रीजची दुरुस्ती करतो आणि ते म्हणाले, भास्करभाईंनी सांगितलं म्हणून त्याला घंटीवर बसवलं नाही, घरात एक तरी पगार दुसऱ्या बाजारातून यायला पाहिजे. डिंडोलीतले आपले लूमवाले आले. एकाने मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, दादाने तो एक फंड सांगितला होता, तो चालूच ठेवू ना?" तू लोकांना फंड सांगत होतास आणि तेही माझ्या शाखेला न विचारता! मी म्हटलं, ठेवा चालू. आणि दुसरं कोणी काही चांगलं विकायला आलं तरी चालू ठेवा, मी आले तरी. तो माणूस जरा गोंधळला.

वहिनीला कोणीतरी म्हणालं, भास्करने बंगला बांधला नाही. ती तेव्हा चहा गाळत राहिली. संध्याकाळी मला म्हणाली, "त्यासले झोप मस्त लागे." बस, एवढंच. आणि मग तिने पोळ्या लाटायला घेतल्या. तुझ्याबद्दल बोलायला तिच्याजवळ एवढं एकच वाक्य होतं आणि ते तिने माझ्यासाठी राखून ठेवलं होतं.

तर आता तेजल. काल सकाळी तिला ओट्यावर घेऊन बसले. आधी माझं म्हणणं सांगितलं, कारण मला खोटं बोलता येत नाही. म्हटलं, कंपनी चांगली आहे, भाव कमी मिळतो आहे, बँकेत माझ्यासमोर कोणी बसून विचारलं असतं तर मी थोडे तरी घे म्हणाले असते. ती मान हलवत होती. मग विचारलं, "ट्रेनिंग संपलं की तू बसणार कुठं?"

"पॅनलवर," ती म्हणाली. "पप्पांच्याच कंट्रोल रूममध्ये. खुर्ची पण तीच आहे, फोई. टेप लावलेली."

दादा, तिने हे सांगितलं तेव्हा तिच्या आवाजात तू कधी केली नाहीस ती फुशारकी होती. खात्यात कामाला जाणाऱ्या आप्पांची नात त्या प्लांटच्या पॅनलवर बसणार आहे. लूम गेले त्या दिवशी आप्पांना कोणी हे सांगितलं असतं तर त्यांनी त्या टेम्पोवाल्यालाही पेढे दिले असते. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मग मी तिला परेशभाईंचं ते वाक्य सांगितलं, जसंच्या तसं, गुजरातीत. ती ऐकत राहिली. तिचा हात मांडीवर होता. तिने तो उलटा करून बघितला.

"मग तू सांग ना," ती म्हणाली. "घेऊ के नको?"

"नको," मी म्हटलं.

इतकं सरळ निघालं तोंडातून. मला वाटलं, आवाज तुझा आहे. तेजललाही वाटलं असावं, ती दचकून म्हणाली, "पण फोई, तू तर पप्पांशी यावरूनच भांडायचीस!"

"ते भांडण माझं आणि त्याचं होतं. बटण तुझं आहे."

ती रडली तेव्हा. तू गेलास त्या दिवसापासून ती माणसांत रडली नव्हती, पाहुण्यांना पाणी देत फिरत होती. मी तिला रडू दिलं. आणि तेव्हा मला कळलं की तू तिला माझ्याकडे का पाठवलंस. तू नको म्हणाला असतास तर तिने तो बापाचा शब्द म्हणून पाळला असता, आणि दहा जणांनी हसून विचारल्यावर कधीतरी मोडला असता. पण जन्मभर घे म्हणणाऱ्या माणसाने नको म्हटलं की ते टिकतं. लबाडा, तू गेल्यावरही माझ्याकडून काम करून घेतलंस. आणि तुझी खात्री होती की मी तेच म्हणेन. ही खात्री तू मला कधी दाखवली नाहीस, माझ्यावर एवढा भरवसा आहे हे कधी बोलला नाहीस. फक्त खातेबाई म्हणत राहिलास.

तुझी लेक पण काही कमी नाही. डोळे पुसले, नाक ओढलं आणि विचारलं, "आणि तुझे? तुझ्या बँकेचे शेअर?"

मी म्हटलं, माझ्याकडे कुठलं आलंय लाल बटण, मी आपली सह्या करते. तिने तुझ्यासारखीच मान तिरकी केली. "पप्पा म्हणायचे, फोईकडे पण बटण आहे. कोणाला कर्ज नाही म्हणायचं ना, ते बटणच."

हे तू तिला कधी सांगितलंस? मला का नाही सांगितलंस? मला सांगितलं असतंस तर मी तुला ऐकवलं असतं, की रोज समोर बसलेल्या माणसाला नाही म्हणणं म्हणजे काय असतं, तुला काय माहीत. आणि मग रात्री जेवताना मला वाटलं असतं की तुला माहीत होतं. आमच्याकडे मोठं कर्ज नाकारलं की शाखेचा आकडा पडतो, आकडा पडला की वरून फोन येतो, आणि फोन ठेवताना माझ्याही मनात कधी कधी आधी शेअरचा भाव येतो. परेशभाईंसारखा. हे मी अजून कोणाला बोलले नव्हते. आता तुला बोलते आहे, कारण आता तू चिडवू शकत नाहीस.

आमच्या बँकेत स्वतःच्या बँकेचे शेअर विकायचे तर आधी कळवावं लागतं. मी आज सकाळी कळवलं. आमचा तो नवीन अधिकारी विचारत होता, "मॅडम, पैशांची अडचण आहे का काही?" मी म्हटलं, नाही, घरात एक जुनं भांडण मिटवायचं आहे. त्या बिचाऱ्याने फॉर्मवर शिक्का मारला.

निम्मेच विकते आहे हं, दादा. सगळे नाही. उरलेले निम्मे तसेच ठेवणार आहे. चांगली बँक आहे माझी, आणि तुझं म्हणणं मला अजून पुरतं पटलेलं नाही. दिवाळीला मी डिंडोलीला येईन, कपाटावरच्या धोट्याशेजारी तुझा फोटो असेल, त्याच्यासमोर चिवड्याची वाटी ठेवीन आणि उरलेल्या निम्म्यांवरून तुझ्याशी भांडेन.

तुझी,
खातेबाई